मोठ्यांच्या सिनेमातलं मूल

'हेवी मेटल' या १९८१ सालच्या ॲनिमेशनपटाची सुरुवात भन्नाट आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्पेस शटलचं दार उघडतं, आतून उघड्या टपाची कॉर्व्हेट गाडी बाहेर पडते, स्पेससूट घातलेला माणूस ती वातावरणातून थेट खाली आणतो आणि घराकडे निघतो. मागे गिटार वाजतंय. घरी त्याची लहान मुलगी वाट बघतेय, बाबाने तिच्यासाठी काहीतरी आणलंय. तो पेटी उघडतो. आतून एक हिरवा चमकता गोळा बाहेर येतो आणि तिच्या डोळ्यांदेखत बाबा वितळून जातो. मुलगी कोपऱ्यात अडकते. गोळा तिला सांगतो की जगातल्या सगळ्या दुष्टपणाचा अर्क म्हणजे मी, आणि आता माझी करामत बघ.

यानंतर आपण जे जे बघतो ते सगळं त्या मुलीला दाखवलं जात असतं. टॅक्सीतले खून, संभोग, बळी द्यायला आणलेली नग्न बाई, लढाऊ विमानात उठून बसणारी प्रेतं, एका अख्ख्या शहराची कत्तल. या चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय थिएटरात शिरायचं नाही. आणि पडद्यावर याच गोष्टींची एकमेव प्रेक्षक एक चिमुरडी आहे, जिच्या घरातला मोठा माणूस आत्ताच वितळून गेलाय.

या गोष्टीकडे चित्रपट ढुंकूनही बघत नाही. मला मात्र तो पहिल्यांदा पाहिल्यापासून हीच एक गोष्ट सतावते. 'फक्त मोठ्यांसाठी' असं आपण एखाद्या कलाकृतीवर लिहितो तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? मोठ्यांना काय जास्त असतं? जास्त बघायची परवानगी, की आणखी काही?

ज्यांनी 'हेवी मेटल' पाहिलेला नाही त्यांनीही त्याची सावली पाहिलेली आहे. 'साउथ पार्क'ने २००८ मध्ये त्याचं विडंबन केलं. नेटफ्लिक्सवरची 'लव्ह, डेथ अँड रोबोट्स' ही मालिका तर टिम मिलर आणि डेव्हिड फिंचर यांच्या 'हेवी मेटल' पुन्हा बनवण्याच्या फसलेल्या प्रयत्नातूनच आली. मुळात हा सगळा प्रकार फ्रान्सचा. मोबियस, ड्रुइए आणि दिओने या मंडळींनी १९७४च्या शेवटी 'मेताल उर्लां' नावाचं विज्ञानकथांचं चित्रमासिक काढलं. त्याची अमेरिकी आवृत्ती म्हणजे १९७७चं 'हेवी मेटल' मासिक. त्यावरून आयव्हन राइटमन या निर्मात्याने कॅनडात चित्रपट उभा केला आणि जेराल्ड पॉटरटनने तो दिग्दर्शित केला. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे तुकडे रंगवले, हिरव्या गोळ्याच्या दोऱ्यात ते ओवले आणि वरून ब्लॅक सॅबथ, ब्लू ऑयस्टर कल्ट, डिव्हो, चीप ट्रिक, सॅमी हेगर असा गाण्यांचा पाऊस पाडला. पुढे या गाण्यांच्या हक्कांच्या गुंत्यामुळे चित्रपट पंधरा वर्षं अधिकृतपणे व्हिडिओवर येऊ शकला नाही. तो आला १९९६ मध्ये. तोवर मध्यरात्रीचे खेळ आणि चोरून केलेल्या कॅसेटी यांवर त्याची दंतकथा वाढली. चोरून बघावी लागलेली गोष्ट आपोआप 'मोठ्यांची' वाटायला लागते, हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी ॲनिमेशन म्हणजे पोराटोरांचं काम असा अमेरिकेत सार्वत्रिक समज होता. १९७२ मध्ये राल्फ बाक्षीचा 'फ्रिट्झ द कॅट' आला आणि 'एक्स' प्रमाणपत्र मिळवणारा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट ठरला. पोस्टरवर त्याचीच जाहिरात केली गेली. म्हणजे ज्या शिक्क्याने लोकांना दूर ठेवायचं, त्याच शिक्क्याने त्यांना ओढून आणलं. तेव्हापासून या प्रकाराच्या गळ्यात एक व्याख्या अडकली आहे: लहानांना जे दाखवता येत नाही ते दाखवलं की झालं मोठ्यांचं.

ही व्याख्या किती पोकळ आहे हे 'हेवी मेटल'मधल्याच 'डेन' या तुकड्यात उघडं पडतं. एक किडकिडीत, चष्मेवाला, अठरा वर्षांचा मुलगा. त्याला हिरवा दगड सापडतो, वीज पडते आणि तो दुसऱ्या ग्रहावर पिळदार, टकला, महाकाय पुरुष होऊन पडतो. तिथल्या बायका त्याच्यावर लगेच भाळतात. इतकीच गोष्ट. पण डेनचा मनातला आवाज जॉन कँडीने दिलाय, आणि तो त्याच पोराचा आवाज आहे: भाबडा, चकित, आपल्यासोबत हे खरंच घडतंय यावर विश्वास न बसणारा. शरीर पुरुषाचं, आत शाळकरी पोरगं. मला हा तुकडा आवडतो, कारण समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक आहे. स्वप्न पोराचं आहे असं तो हसत हसत कबूल करतो. त्याच्यावर रागावणं म्हणजे सोळाव्या वर्षावर रागावणं.

खरी अडचण 'टार्ना'ची आहे. हा शेवटचा आणि सगळ्यात लांब तुकडा. शांतताप्रिय शहरावर रानटी टोळी तुटून पडते आणि त्यांच्या हाकेला एक योद्धा स्त्री पांढरे केस उडवत पंखवाल्या पक्ष्यावरून येते. ती सूड घेते, शेवटी स्वतःचा बळी देते. इथे विनोद नाही, सगळं गंभीर आहे. पण चिलखत म्हणून ती जे अंगावर चढवते त्याने पोट, पाठ, मांड्या यांतलं काहीही झाकलं जात नाही. तिला पकडून चाबकाने मारलं जातं तेव्हा चित्र रेंगाळतं. आणि सबंध तुकड्यात ती एक शब्दही बोलत नाही. सगळा चित्रपट जिच्यामुळे तरतो तिला आवाजच दिलेला नाही. डेनला निदान मनातलं बोलता येत होतं.

यावर ठरलेलं उत्तर आहे: अरे, चित्रच तर आहे. कोणाला लागलं? कोणाचे कपडे काढले? ॲनिमेशनमध्ये बळी कोणी नसतोच. हे उत्तर तसं हलकं नाही. जिवंत नटीवर कॅमेरा रोखणं आणि कागदावर रेघा ओढणं यांत फरक आहेच. (टार्नाच्या बाबतीत तो थोडा पुसट होतो. तिच्या हालचाली रोटोस्कोपिंगने केल्या आहेत, म्हणजे आधी खऱ्या मॉडेलचं चित्रीकरण करून त्यावरून रेघा गिरवल्या आहेत.) पण समजा, कोणीच नाही. कोणालाच लागलं नाही. मग नैतिक प्रश्न संपतो का?

कांटने प्राण्यांबद्दल बोलताना असाच पेच सोडवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या मते प्राण्यांशी आपलं थेट कर्तव्य काही नाही, तरी त्यांना छळू नये, कारण प्राण्याशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही निबर होतो. उदाहरण म्हणून त्याने विल्यम होगार्थच्या १७५१ सालच्या चित्रमालेकडे बोट दाखवलं. तिच्या पहिल्या चित्रात रस्त्यावरची मुलं कुत्र्या-मांजरांचे हाल करताना दिसतात, आणि पुढे पुढे प्रकरण खुनापर्यंत जातं. कांटचा युक्तिवाद चित्रांनाही लावता येईल: बळी कोणी नसला तरी बघणारा आहेच, आणि बघून बघून त्याचं काहीतरी होतं.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. 'हेवी मेटल' बघून कोणी खुनी झाला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणाऱ्यांशी वाद घालीन. सिनेमा बघून माणूस बिघडतो ही ओरड नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने केली जाते. ओरडणारा स्वतः कधीच बिघडलेला नसतो. माझा आक्षेप साधा आहे. टार्नाला चाबूक बसताना मी तिच्या बाजूने असायला हवा होतो, गोष्ट मला तेच सांगत होती, आणि चित्र मला दुसरीकडे उभं करत होतं. तोंडाने एक, डोळ्यांनी दुसरं. डेनमध्ये ही फसवणूक नव्हती.

यात संगीताचा हात मोठा आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये तरुणांच्या शिक्षणात संगीताला फार वरचं स्थान दिलं, आणि त्याच कारणाने त्याची धास्तीही घेतली: ताल आणि सूर बुद्धी जागी होण्याआधीच आत शिरतात, काय आवडावं आणि काय नावडावं हे आधीच ठरवून टाकतात. कानात इअरफोन घालून लोकलमध्ये उभ्या राहिलेल्या कोणालाही हे पटेल. ड्रम सुरू झाला की पाय हलतो. पायाला मत विचारलेलं नसतं.

आता 'टार्ना'त रानटी टोळी शहरावर चालून जाते तो प्रसंग बघा. म्हातारे, निःशस्त्र लोक कापले जातात. मागे काय वाजतंय? ब्लॅक सॅबथचं 'द मॉब रूल्स'. जबरदस्त गाणं आहे, आणि ते टोळीच्या बाजूने वाजतं. टार्ना येते तेव्हा मात्र एल्मर बर्नस्टीनचा भारदस्त वाद्यवृंद सुरू होतो. म्हणजे रक्षण करणारीला ऑर्केस्ट्रा आणि मारणाऱ्यांना रॉक. ऑर्केस्ट्रा आदराने ऐकायचा, रॉकवर मान हलवायची. कत्तल चालू असताना आपली मान हलत असते, आणि तेवढ्या मिनिटांपुरते आपण त्या टोळीतले असतो. चित्रपटाला हे कळलं असतं, त्याने ती हलणारी मान आपल्याला दाखवली असती, तर 'हेवी मेटल' खरोखर मोठ्यांचा चित्रपट झाला असता.

रॉकने ही ताकद ओळखलेलीच नाही असं नाही. १९८३ मध्ये कॅनडातल्याच नेल्व्हाना स्टुडिओने 'रॉक अँड रूल' काढला. अणुयुद्धानंतर माणसं संपलेली, कुत्र्या-मांजर-उंदरांपासून उत्क्रांत झालेलं जग, आणि त्यात मॉक नावाचा उतरणीला लागलेला रॉकस्टार. त्याला दुसऱ्या मितीतून राक्षस बोलवायचाय आणि त्यासाठी एंजल नावाच्या गायिकेचाच आवाज हवाय, म्हणून तो तिला पळवतो. एंजलची गाणी डेबी हॅरीने गायली आहेत. म्हणजे इथे थेट प्रश्न आहे की एवढी ताकद असलेला आवाज कोणाच्या हाती द्यायचा. चित्रपट आपटला, स्टुडिओ बुडता बुडता वाचला. नंतर याच स्टुडिओने 'केअर बेअर्स' हा बाळबोध अस्वलांचा चित्रपट काढला आणि तो तुफान चालला. मोठ्यांनी बुडवलेल्या स्टुडिओला छोट्यांनी वर काढलं.

डाफ्ट पंकचा 'इंटरस्टेला ५५५५' (२००३) हा प्रश्न आणखी पुढे नेतो, आणि त्यात 'मोठ्यांसाठी' म्हणावं असं फारसं काहीच दाखवलेलं नाही. संगीत पुरतं रॉक म्हणता येणार नाही, पण गोष्ट एका बँडचीच आहे. लेजी मात्सुमोतोच्या देखरेखीखाली जपानमध्ये बनलेला, एकही संवाद नसलेला, 'डिस्कव्हरी' हा अख्खा अल्बम ओळीने वाजवणारा चित्रपट. दूरच्या ग्रहावरच्या निळ्या कातडीच्या चार वादकांना पृथ्वीवरचा एक मॅनेजर पळवून आणतो. त्यांची आठवण काढून घेतो, कातडी माणसांसारखी रंगवतो आणि त्यांना 'क्रेसेंडॉल्स' म्हणून विकतो. नावातच बाहुल्या आहेत. आपण ज्या गाण्यांवर नाचतोय तीच गाणी पडद्यावर आठवण पुसलेले कैदी वाजवत असतात. त्यांच्या डोळ्यांत काही नसतं. तरी आपण नाचतो. कोणी रागावत नाही, कोणी उपदेश करत नाही. फक्त नाचता नाचता कुठेतरी अवघडल्यासारखं होतं. शेवटी सुई रेकॉर्डवरून उचलली जाते आणि दिसतं की एक लहान मुलगा खेळण्यांसोबत झोपलाय, कदाचित हे सगळं त्याच्या स्वप्नात घडलं असेल. इथेही एक मूल. पण हिरव्या गोळ्याने कोपऱ्यात कोंडलेलं नाही. गाणं ऐकता ऐकता झोपी गेलेलं.

आणि आता ज्या चित्रपटासाठी हे सगळं लिहितोय तो: रने लालूचा 'फँटॅस्टिक प्लॅनेट', १९७३. चित्रं रोलां तोपोरची, काम प्रागच्या यिर्झी त्र्न्का स्टुडिओत झालं, आणि कान महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक मिळालं. संगीत आलँ गोरागेचं. वा-वा गिटार, बेस, इलेक्ट्रिक पियानो, सगळं सावकाश सरपटणारं. इतकं की पुढे हिप-हॉपवाल्यांनी त्याचे तुकडे भरभरून उचलले. त्यात उघडी स्तनं आहेत, मरणं आहेत, ग्रहवासीयांचा विचित्र शरीरसंबंध आहे. तरी अमेरिकेत त्याला 'पीजी' मिळालं, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांनीही बघावा. शिक्क्यांचं गणित हे असं.

सुरुवात अशी: एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन पळतेय. धापा टाकत टेकडी चढते. वरून एक प्रचंड निळा हात येतो आणि बोटाने तिला टिचकी मारतो. ती गडगडत खाली येते. पुन्हा चढते. पुन्हा टिचकी. मग तिला उचलून वरून सोडतात आणि ती हलायची थांबते. आता खेळता येणार नाही, असं काहीसं म्हणत हात निघून जातात. ती निळी मुलं असतात. ड्राग नावाच्या महाकाय जमातीची पोरं, मुंगीशी खेळावं तशी माणसाशी खेळणारी. इथल्या माणसांना 'ओम' म्हणतात. (आपल्या ओंकाराशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये माणूस या शब्दाचा उच्चारच तसा आहे.)

होगार्थच्या पहिल्या चित्रातली तीच मुलं, फक्त कुत्र्याच्या जागी आपण. कांटच्या युक्तिवादातली फट इथे दिसते. त्याला काळजी होती ती छळणाऱ्या पोराचं पुढे काय होईल याची. टेकडीवर पडलेल्या बाईला त्या पोराच्या संस्कारांशी काय घेणंदेणं?

ते तान्हं मूल टिवा नावाची ड्राग मुलगी घरी नेते. त्याचं नाव टेर ठेवते, गळ्यात पट्टा घालते, बाहुलीसारखे कपडे चढवते. ती दुष्ट नाही. त्याच्यावर तिचा जीव आहे. तळहातावर घेऊन ती अभ्यासाला बसते आणि तिच्या डोक्यावरच्या यंत्रातून जाणारे धडे टेरच्याही डोक्यात शिरतात, तिला कल्पना नसताना. तो दूर पळाला की पट्टा त्याला फरफटत परत आणतो. मांजराला किंवा पोपटाला जीव लावणाऱ्या कोणालाही इथे पोटात काहीतरी हलतं, कारण चित्रपटाने आपल्याला एकाच वेळी दोन्ही जागी बसवलंय. आपण पट्ट्यातही आहोत आणि पट्टा धरणारेही. ड्रागांची सभा भरते आणि ओमांची संख्या फार वाढली म्हणून वायू सोडून त्यांचा नायनाट करायचा ठराव होतो. तो ठराव सभ्य, शांत आवाजात होतो. चित्रं काढणारा तोपोर पोलिश ज्यू आईबापांचा मुलगा होता, १९३८ सालचा. त्याचं बालपण नाझींपासून लपत सॅव्हॉयमध्ये गेलं. हे माहीत नसलं तरी प्रसंग अंगावर येतो. माहीत असलं की तो निळा हात कुठून आला असेल असं मनात येतंच.

गोरागेचं संगीत इथे काय करतं? कोणाचीच बाजू घेत नाही. कत्तलीला जोश देत नाही, बळींसाठी रडतही नाही. मान हलवायची तर इतकी हळू हलते की आपण हलवतोय हे आपल्याला कळतं. 'हेवी मेटल'च्या रॉकपेक्षा हे श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. पण प्लेटोची धास्ती खोटी ठरवायची असेल तर मी हा चित्रपट पुढे करीन. इथे बुद्धी सुरांच्या मागून येते, पण येते.

आपल्याकडे जुन्या शास्त्रग्रंथांत आरंभीच सांगावं लागे की विषय काय, प्रयोजन काय आणि 'अधिकारी' कोण, म्हणजे हे वाचायला पात्र कोण. हा शब्द वापरताना संकोच वाटतो, कारण याच शब्दाने बायकांना आणि बहुजनांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं. ती जन्माची अट फेकून द्यायलाच हवी. पण त्यातला एक धागा मला ठेवावासा वाटतो: पात्रता म्हणजे वाचून झाल्यावर त्याचं काहीतरी करायची तयारी. सतरा किंवा अठरा या आकड्यात ती नसते. तुमच्या फोनवर 'मी अठरा वर्षांचा आहे' असं बटण येतं. अंगठा टेकवला की काम झालं. त्या बटणावर तुमच्याकडून काहीच मागितलेलं नसतं.

'हेवी मेटल'च्या शेवटी हिरवा गोळा फुटतो, घर उद्ध्वस्त होतं, मुलगी बाहेर धावते. तिथे पंखवाला पक्षी वाट बघत असतो. तिचे केस पांढरे होतात, ती नवी टार्ना होते आणि उडून जाते. थिएटरात या क्षणी टाळ्या पडत असतील तर नवल नाही. पण तिला कोणी विचारलं? बाप वितळताना पाहिला, नको ते सगळं जबरदस्तीने पाहिलं, आणि बक्षीस म्हणून ज्या बाईला चाबूक बसताना तिने पाहिलं तिचीच जागा मिळाली. ती रडत नाही, प्रश्न विचारत नाही. मोठ्यांनी मोठ्यांसाठी बनवलेल्या या चित्रपटात एकही मोठा माणूस तिच्या बाजूला येऊन बसत नाही.

टिवाचं वेगळं होतं. ती वाढते. मोठ्या ड्रागांसारखी डोळे मिटून ध्यानाला बसायला लागते, तिचं मन दूरच्या उपग्रहावर तरंगत जातं आणि टेरशी खेळणं कमी होतं. ड्रागांच्या जगात मोठं होणं ते हेच. एक दिवस टेर ते शिकवणारं यंत्र ओढत पळून जातो, आणि गोष्ट त्याच्या मागे मागे रानात शिरते. टिवा घरात राहते, मनगटावर पट्ट्याचं कडं घेऊन.